छंद म्हणू नका, काम म्हणा

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी कपाट उघडतं. मखमली डब्या चटईवर येतात, अब्बा ज्याचं त्याचं वजन वहीत वेगळं लिहितात, साडेसात तोळ्यांशी म्हणजे ८७.४८ ग्रॅमशी ताळा घेतला जातो आणि अडीच टक्क्यांनी जकात निघते. हा हिशोब मोहल्ल्यातल्या शाळा सोडलेल्या पोरालाही पाठ आहे. कोणता दागिना मेहरचा, कोणता नानीकडून आला, कोणता दोनदा गहाण पडून सुटला, सगळं त्या चटईवर बोललं जातं. तो बनवला कोणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी अम्मीने त्या चटईवर एक स्टीलचा डबा आणून ठेवला. आत तिने स्वतः केलेले चांदीचे झुमके होते. अकरा जोड, विकण्यासाठी केलेले. "हे पण लिहा," ती अब्बांना म्हणाली. माझा भाऊ हसला. "अम्मी, वो तो आपका टाइमपास है, उसपे कायकी जकात?" अब्बा हसले, भाभी हसली, मीही हसले. अम्मी डबा उचलून आत घेऊन गेली.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. माझ्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. विक्रीच्या मालावर जकात लागते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दुकानातल्या कव्हरांवर आणि चार्जरांवर तो दरवर्षी काढतो. म्हणजे त्या दिवशी त्याने अम्मीला सवलत दिली नव्हती. तिचा माल हा माल नाही आणि तिचं काम हे काम नाही, असा निकाल त्याने दिला होता. आणि तो आम्ही सगळ्यांनी एकमताने मंजूर केला होता.

तुमच्या घरीही अशी एक बाई असेल. पन्नाशीच्या अलीकडची किंवा पलीकडची. मुलं हाताशी आलेली, हातात पहिल्यांदाच दोन तास मोकळे. ती काहीतरी करू लागलेली असेल. माझ्या अम्मीच्या बाबतीत ते दागिने आहेत, म्हणून मी दागिन्यांबद्दलच लिहिते.

आडनावात धंदा, हातात काही नाही

आम्ही मिरजेचे. अम्मीचं माहेरचं आडनाव पटवेकरी. तरुण वाचकांपैकी अनेकांना हा शब्द फक्त आडनाव म्हणून माहीत असेल. पटवेकरी म्हणजे रेशमाच्या दोऱ्यात दागिने गाठवणारा. सोनार मणी घडवतो, पण मण्यांची ठुशी, बोरमाळ किंवा साज होतो तो गाठवल्यावर. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवायचं, पीळ द्यायचा, एकेक मणी ओवून गाठ बसवायची आणि मागे गोंडा असा करायचा की गळ्याच्या मापाने दोरी सरकवता येईल. हिंदूंच्या नवरीचं मंगळसूत्र आणि आपल्या नवरीचा काळ्या पोतीचा लच्छा, दोन्ही त्याच माणसाच्या अंगठ्यावरून जात.

नाना मिरजेच्या सराफ कट्ट्यावर बसून हे काम करत. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी झाली. देशभरातल्या सोनारांचं काम बसलं. सोनाराचं काम बसलं की गाठवणाऱ्याचंही बसतं. नाना तेव्हा चाळिशीला टेकले होते. त्यांनी सायकल दुरुस्ती शिकून घेतली आणि दुकान टाकलं. गाठवण्याचं काम संध्याकाळी, कोणी आणून दिलं तर. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हा नाना म्हातारे झाले होते.

अम्मी त्यांची धाकटी मुलगी. ती शेजारी बसून बघायची, सुटलेले मणी गोळा करून द्यायची. दोरा मात्र तिच्या हातात कधी दिला नाही. मुलीला शिकवून काय उपयोग, ती तर दुसऱ्याच्या घरी जाणार. मामूंना शिकवायचा प्रयत्न झाला, त्यांना त्यात रस नव्हता. पुढे मामूंनी आडनावही सोडलं आणि नुसतं शेख लावू लागले. आपल्या समाजाची ही एक गंमत आहे. दाखला काढायचा असला की आपण आजोबांचा धंदा शोधत जुनी कागदपत्रं उपसतो, आणि सोयरीक जुळवायची असली की तोच धंदा लपवतो. समतेची शिकवण सांगणारे आपण, हाताने काम करणाऱ्याला बिरादरीच्या उतरंडीत खाली ढकलतो आणि मग पोरांना कारागिरी येत नाही म्हणून हळहळतो.

दागिना बाईच्या अंगावर आणि हत्यार पुरुषाच्या हातात, ही वाटणी इतकी जुनी आहे की ती आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. मेहरचं सोनं तिच्या मालकीचं, ते कधी गहाण टाकायचं ते पुरुष ठरवणार, ते घडवणारा पुरुष, वजन लिहिणारा पुरुष. तिने फक्त मिरवायचं आणि अडीनडीला काढून द्यायचं.

एकोणपन्नासाव्या वर्षी

अम्मीने सुरुवात केली ती एका अपघाताने. शेजारच्या काकूंच्या ठुशीचा दोरा लग्नाच्या आदल्या दिवशी तुटला. दुकानदार म्हणाला आठ दिवस लागतील. अम्मी म्हणाली, द्या इकडे. चाळीस वर्षांपूर्वी नुसतं पाहिलेलं काम तिने रात्री अकरापर्यंत बसून केलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. काकूंनी ती ठुशी लग्नात घातली. तेव्हा अम्मी एकोणपन्नास वर्षांची होती.

त्यानंतर मोहल्ल्यातलं आणि मोहल्ल्याबाहेरचं गाठवण्याचं काम येऊ लागलं. मग तिला वाटलं, मणीही आपणच का करू नयेत? तिने एका प्रशिक्षण केंद्रात चौकशी केली. खिडकीतल्या मुलाने जन्मतारीख पाहिली आणि अर्ज परत केला. वय बसत नाही. त्या मुलाचा दोष नाही, नियमच तसे आहेत. जन शिक्षण संस्थानांचे अभ्यासक्रम १५ ते ४५ वयासाठी. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना १५ ते ३५, बायकांना ४५ पर्यंत. ज्या वयात आपल्याकडच्या बाईला पहिल्यांदा उसंत मिळते, नेमक्या त्या वयात सरकार दार लावून घेतं.

मग ती हुपरीला जाऊ लागली. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं हे चांदीचं गाव. तिथे पैंजण घराघरांत बनतं. कोणी तार ओढतं, कोणी कड्या करतं, कोणी जोडतं, कोणी झाळतं, कोणी उजाळा देतं. ओळखीतून ओळख काढत एक कारागीर शिकवायला तयार झाले. "वहिनी, या वयात डोळ्यांना त्रास होईल," एवढं बोलले आणि स्टूल सरकवून दिलं. आठवड्यातून दोन दिवस, एसटीने, डबा घेऊन. असं सात महिने चाललं.

पहिल्या महिन्यात तिने चांदीच्या कड्यांचे गोळे केले. झाळायचं म्हणजे सांध्यावर टाकणखार लावायचा, झाळेचा बारीक तुकडा ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत द्यायची. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि झाळ त्याच्या बरीच आधी. या दोन्हींच्या मधल्या काही क्षणांत काम व्हावं लागतं. नवशिका ज्योत थेट सांध्यावर धरतो आणि दागिनाच वितळवून बसतो. ज्योत सगळ्या तुकड्यावर फिरवत ठेवायची, झाळ उष्णतेकडे आपणहून धावते. हे कळायला अम्मीला पाच आठवडे लागले. ज्या दिवशी पहिली कडी नीट झाळली गेली, त्या दिवशी ती कडी तिने रुमालाला गाठ मारून घरी आणली आणि मला दाखवली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्या निकालाला ती खूश झाली होती, माझ्या लग्नालाही झाली होती. पण तो आनंद आमच्यामुळे होता. हा तिचा होता.

यालाच मी समाधान म्हणते. हा शब्द आपण आई-आजीसाठी फार स्वस्तात वापरतो. मुलं सुखी आहेत, नमाज-रोजा होतो, आता समाधानाने बसा. बसा! समाधान म्हणजे बसणं, अशी आपण व्याख्याच करून टाकली आहे. अम्मीचं समाधान हे चुकण्याचं आणि दुसऱ्या दिवशी कमी चुकण्याचं आहे. आज हात कुठे आहे आणि उद्या कुठे असावा हे तिला कळतं. तुम्हाला तुमच्या नोकरीत हे मिळतं का, ते प्रामाणिकपणे सांगा. मला माझ्या नोकरीत मिळत नाही.

"अब इस उमर में?"

हा प्रश्न अम्मीला फुफीने विचारला, मशिदीजवळच्या किराणावाल्याने विचारला, आणि शिकलेल्या माझ्या मैत्रिणींनी इंग्रजीतून विचारला. वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? डोळे? चष्मा आहे, मोठं करून दाखवणारं भिंग आहे. हात? तीस वर्षं भाकरी थापणारा, सुई चालवणारा, मसाल्याचा अंदाज बोटांनी घेणारा हात हा कोऱ्या हातापेक्षा लवकर शिकतो. धीर? तो आमच्या पिढीत शोधून सापडत नाही.

मिरजेत राहून हा प्रश्न विचारणं तर कृतघ्नपणा आहे. आमच्या गावाचं नाव सतार-तंबोऱ्यामुळे सगळीकडे पोचलं, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं करणारे सतारमेकर मूळचे कोण? शिकलगार. तलवारी आणि हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा जमाना सरला तेव्हा फरीदसाहेबांनी भोपळा आणि लाकूड हातात घेतलं आणि नवी विद्या कमावली. आज आपण ती परंपरा म्हणून अभिमानाने सांगतो. जी परंपरा म्हणून मिरवतो, ती एके काळी कुणाची तरी नव्याने केलेली सुरुवात होती. नानांनी चाळिशीत सायकल दुरुस्ती शिकली तेव्हाही कुणी हसलं नाही. पुरुष पोटासाठी नवीन शिकला तर तो जिद्दी. बाई मनासाठी शिकली तर तिचा टाइमपास.

टाइमपास हा पहिला वार, पॅशन हा दुसरा

आता मला माझ्याविरुद्ध लिहायचं आहे. हसणाऱ्यांपेक्षा मी मोठी गुन्हेगार होते, कारण मी कौतुक करत होते.

अम्मीच्या झुमक्यांचे फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकले. खाली लिहिलं, पन्नाशीत सापडलेली पॅशन. बदामांचा पाऊस पडला. ऑफिसातल्या मैत्रिणींनी मागणी केली आणि मी त्यांना चांदीच्या किमतीत दिले, कारण "अम्मी आवडीने करते, तिला पैशाचं काही नाही." चुलत बहिणीच्या लग्नात सहा जोड भेट म्हणून गेले. कुणी मजुरी विचारली नाही आणि मीही काढली नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. एका रविवारी अम्मीच्या कामाचा हिशोब पहिल्यांदाच मांडून पाहिला. एक ठुशी गाठवायला तिला पाच तास लागत होते. रेशीम आणि जर चाळीस रुपयांचं. ती घेत होती दीडशे. उरले एकशे दहा, म्हणजे तासाला बावीस रुपये. माझा भाऊ मोबाइलची काच वीस मिनिटांत बसवतो आणि मजुरीचे तीनशे घेतो. त्याच्या कामाला कुणी पॅशन म्हणत नाही, म्हणूनच त्याला पैसे मिळतात.

टाइमपास म्हणणारा माणूस कामाची टर उडवतो. पॅशन म्हणणारा त्याची आरती करतो आणि पैसे द्यायचं विसरतो. दोघांचा शेवट एकच. घाम आटतो आणि किंमत शून्य राहते. म्हणून माझं तरुण वाचकांना सांगणं आहे, आईच्या कामाचं कौतुक करण्याआधी त्याचा दर विचारा.

त्याच मण्यांची दुसरी गोष्ट

दागिने करणं हेच मुळात आनंदाचं, असा समज कुणी करून घेऊ नये. मुंबईत मालाड हा इमिटेशन दागिन्यांचा मोठा बाजार. त्या धंद्याचं बरंचसं काम वस्त्यांमधल्या घरांत होतं. बायका जमिनीवर बसून मणी ओवतात, खडे चिकटवतात, कड्या जोडतात. कंत्राटदार माल आणून देतो, नगावर किंवा डझनावर पैसे देतो आणि गोणी उचलून नेतो. एखादा नग खराब निघाला तर तो तिच्या अंगावर. बोटं तीच, मणी तसेच, कौशल्यही कमी नाही. तिला समाधान का मिळत नाही? कारण दर तिचा नाही, नमुना तिचा नाही, वेळ तिचा नाही, आणि तो हार कुठे गेला हे तिला कधीच कळत नाही.

अशा घरबसल्या मजुरांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. बाहेर जाऊन काम करणाऱ्या मजुराला जे हक्क ते यांनाही मिळावेत, एवढंच त्याचं म्हणणं. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. घरात बसलेली बाई ही कामगार आहे हे मान्य करणं सरकारला जड जातं, तसंच आपल्यालाही जातं.

मालाडची ती बाई आणि माझी अम्मी यांच्यातला फरक सोन्या-चांदीचा नाही. कामावर आपला हक्क असणं हा फरक आहे. तो हक्क काढून घेतला तर अम्मीचा कोपराही उद्या तशीच खोली होईल. फक्त कंत्राटदाराच्या जागी आम्ही असू, तिची मुलं. आणि आम्ही तर नगाचेही पैसे देत नव्हतो.

आक्षेप

पहिला आक्षेप: पैसा आला की आनंद जातो. अनुभव उलटा आहे. दर ठरल्यावर अम्मीने पहिल्यांदा नाही म्हणायला सुरुवात केली. कुणी दोन दिवसांत सहा जोड मागितले तर ती म्हणते, होणार नाही, काम बिघडेल. फुकट देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आणि जयसिंगपूरच्या एका अनोळखी बाईने घासाघीस न करता मजुरी मोजून दिली, त्या रात्री अम्मीला झोप आली नाही.

दुसरा आक्षेप: आपल्या तरुणांना काम नाही आणि तुम्ही आयांचं काय घेऊन बसलात? तरुणांना काम मिळायलाच हवं, त्यासाठी भांडूच. पण अम्मीने झुमके केले म्हणून कोणत्या तरुणाची नोकरी गेली? उलट ज्या घरात पन्नाशीची बाई कमावते, तिथल्या मुलीचं कॉलेज पैशाअभावी सुटण्याची भीती कमी असते. आणि पन्नाशीनंतरची वीस-पंचवीस वर्षं ही उरलीसुरली नसतात. एखाद्या कारागिराला पूर्ण तयार व्हायला त्याहून कमी लागतात.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: बाई परक्या कारखान्यात, परक्या पुरुषांत बसते. सूरह निसाची ३२वी आयत पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा सांगते. कमाईत वाटा आहे तर कमावण्याची विद्याही असणारच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मोहल्ल्यात बायकांसाठी वर्कशॉप काढावं, अम्मी शिकवायला येईल. नुसती बोटं मोडून भागणार नाही.

चौथा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला खरंच उत्तर देते. हे काम सोपं नाही. मान आणि कंबर धरते. गॅसची ज्योत आणि तेजाब घरात ठेवणं धोक्याचं आहे. काही स्वस्त झाळेत कॅडमियम असतं आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. झाळ घेताना कॅडमियम नसलेलीच मागा आणि खिडकी उघडी ठेवा. चांदीचा भाव वर गेला की गिऱ्हाईक थांबतं आणि अडकलेला पैसा आपला असतो. यातून सगळ्यांचं घर चालेल असं मी म्हणत नाही. अम्मीच्या कमाईत आमचं घर चालत नाही. पण "यात घर चालत नाही" हे वाक्य आपण क्रिकेट खेळणाऱ्या, युट्यूब चॅनल काढणाऱ्या, तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला पाच-पाच वर्षं ऐकवत नाही. आईला मात्र पाच दिवसांत ऐकवतो.

एक अर्ज, एक नाव

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत, सोनारही आहे. वयाची खालची अट १८ वर्षं आणि वरची मर्यादा नाही, हे चांगलं. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे कमी व्याजाचं कर्ज. पण त्या अठरांत पटवेकरी नाही आणि मणियारही नाही. सोनार मोजला, त्याचे मणी गाठवणारा सुटला. शिवाय नोंदणीच्या वेळी तो व्यवसाय तुम्ही आधीपासून करत असला पाहिजेत. पन्नासाव्या वर्षी नव्याने शिकू पाहणारी तिथेही दाराबाहेर. या दोन दुरुस्त्या मागणं हे आपल्यासारख्या चळवळींचं काम आहे. निवेदनाचा मसुदा मी करून देते, सह्या तुम्ही गोळा करा.

त्या योजनेत आणखी एक अट आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ. आता सांगा, नवरा-बायको दोघेही कारागीर असले तर अर्जावर नाव कुणाचं जाणार? हा प्रश्न सरकारला विचारायचा नाही. तो आपल्या घरी जेवताना विचारायचा आहे.

म्हणून चार गोष्टी करा. घरातला एक टेबल आणि एक दिवा तिचा ठरवा, त्यावर कुणी लॅपटॉप ठेवणार नाही. दिवसातले तीन तास तिचे ठरवा, त्या वेळी चहा तुम्ही करा, पाहुणे आले तरी तुम्हीच करा. तिच्या नावाचं बँक खाते आणि तिच्या हाताची वही असू द्या, आणि धातू, घट, झाळ, गॅस, रेशीम आणि तास असं सगळं धरून दर काढायला तिला मदत करा. दागिन्याबरोबर जो कागद जातो त्यावर तिचं नाव लिहा. "आमच्या अम्मीने केलं" असं नाही. तिचं स्वतःचं नाव.

आमच्या घरी हे एका दिवसात झालं नाही. टेबलावरून भावाशी तीन भांडणं झाली. दर वाढल्यावर फुफी सहा महिने बोलली नाही. दोन मैत्रिणींनी झुमके परत केले. अम्मीने ते वितळवून दुसरं काही केलं. आता तिच्याकडे मोहल्ल्यातल्या दोघीजणी गाठवायला शिकतात, एक सत्तावीस वर्षांची आणि एक चौपन्न. चौपन्न वर्षांचीचा हात जास्त स्थिर आहे, असं अम्मी म्हणते.

या रमजानमध्ये पुन्हा कपाट उघडलं. अम्मी डबा घेऊन आली नाही. ती स्वयंपाकघरात होती. भाऊ उठला, तिच्या टेबलावरून स्टीलचा डबा आणि तिची वही घेऊन आला आणि अब्बांच्या पुढ्यात ठेवली. "इसका भी लिखो," तो म्हणाला. अब्बांनी चष्मा लावला आणि तिच्या नावाखाली नवा रकाना आखला: विक्रीचा माल. आतून अम्मी ओरडली, "नग मोजून घ्या, बावीस आहेत. आणि मजुरी धरा!"